हात वर करा, जजला बोलवा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त मधला ट्रॅक्टरचा आवाज तेवढा गाळलाय.)

घनसावंगीवरून बोलतोय. मागच्या भागात सहज म्हणालो होतो की एकदा पोकेमॉनच्या कार्डांवर बोलू. त्यावर जेवढे मेसेज आले, तेवढे सोयाबीनच्या भावावरच्या भागालाही आले नव्हते. मला वाटलं होतं हे खूळ फक्त आपल्या गल्लीत आहे. तीर्थपुरीपासून अंबडपर्यंत लेकरं हेच खेळतायत म्हणे.

मेसेज तीन प्रकारचे होते. एक, डेकमध्ये नेमकी किती कार्डं लागतात. दोन, स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी सोनेरी कार्डं स्पर्धेत चालतात का. आणि तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला: "दादा, त्या पोराला स्पर्धेतून बाहेर का काढलं?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडचा नववीतला एक मुलगा मोठ्या शहरात पोकेमॉन कार्डांची स्पर्धा खेळायला गेला होता. तो हरला नाही, त्याला बाहेर काढलं. तेव्हापासून गावात या गोष्टीच्या चार आवृत्त्या फिरतायत. कुणी म्हणतं इंग्रजी येत नव्हतं म्हणून काढलं, कुणी म्हणतं कार्डं डुप्लिकेट होती. मी त्या दिवशी तिथंच होतो, पोरांसोबत गेलो होतो. काय झालं ते सांगतो, त्याला विचारूनच सांगतोय. पण आधी नियम कळले पाहिजेत, नाहीतर ती गोष्ट अर्धीच कळेल.

तुमच्यातल्या बहुतेकांनी हा खेळ फोनवर शिकलाय. पोकेमॉन टीसीजी पॉकेट. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते ॲप आलं आणि आपल्या बसस्टँडवर पोरांच्या माना खाली गेल्या त्या गेल्याच. पॉकेटमध्ये डेक २० कार्डांचा, एका नावाची जास्तीत जास्त दोन कार्डं. तुम्ही १९ कार्डांचा डेक घेऊन खेळायला गेलात तर ॲप पुढं जाऊच देत नाही. एक पत्ता ओढायचा असेल तर एकच येतो. एका पाळीत एकच सपोर्टर खेळायचा असतो, दुसरा लावायला गेलात तर तो लागतच नाही. पत्ते पिसायचं कामही फोनचंच. म्हणजे तिथं तुम्ही हरू शकता, पण नियम मोडू शकत नाही. फोनच जज आहे.

टेबलावर तसं नाही. टेबलावर तुमचा हात कुणी धरत नाही. दोनच्या जागी तीन पत्ते ओढले तर तीन येतात. दुसरा सपोर्टर खाली ठेवला तर तो निवांत पडून राहतो. कुठं लाल खूण येत नाही. फोनवर शिकलेलं पोर पहिल्यांदा टेबलावर बसलं की त्याला खेळ येत असतो, पण नियम सांभाळायची सवय नसते. ती सवय आजवर फोननं सांभाळलेली असते.

आता डेक. आपण घरी पत्ते खेळतो, मेंढीकोट म्हणा, रमी म्हणा, त्यात कॅट एकच असतो आणि सगळ्यांचा मिळून असतो. बावन्न पत्ते, सगळ्यांसमोर पिसले, शेजाऱ्यानं कापले, वाटले. सावंतवाडीची जुनी गंजिफा घ्या, दशावतारी गंजिफेत १० रंग आणि प्रत्येकी १२, असे १२० गोल पत्ते, पण तेही सगळ्यांत मिळून एकच. त्यामुळे 'तू घरून काय आणलंस' हा प्रश्न कधी येतच नाही. ट्रेडिंग कार्डांच्या खेळात प्रत्येक जण आपला डेक घरून आणतो. तुमच्या पिशवीत काय आहे ते समोरच्याला दिसत नाही. डेकचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघालेत.

या जातीचा पहिला मोठा खेळ म्हणजे मॅजिक, द गॅदरिंग. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या माणसानं बनवला, १९९३ मध्ये अमेरिकेत विकायला आला. सुरुवातीला नियम एवढाच होता की डेकमध्ये किमान ४० कार्डं पाहिजेत. एकच कार्ड किती वेळा टाकायचं यावर बंधन नव्हतं. लोक थोडीशी कार्डं घेतील, आपापसात अदलाबदल करतील, असा हिशोब होता. झालं उलटं. ज्यांच्या खिशात पैसा होता त्यांनी सगळ्यात ताकदीची कार्डं गोळा केली आणि डेकमध्ये तीच तीच भरली. मग स्पर्धांसाठी किमान ६० कार्डं आणि एका नावाची जास्तीत जास्त चार असा नियम आला. हा चारचा नियम मला आवडतो. पैसेवाल्याचा फायदा तो पूर्ण संपवत नाही, पण त्याला कुंपण घालतो. युगीओ खेळणारे कुणी असतील तर तुमच्याकडं मुख्य डेक ४० ते ६० आणि एका कार्डाच्या तीन प्रती, शिवाय बंदी घातलेल्या कार्डांची यादी वेगळी.

पोकेमॉनमध्ये बरोबर ६०. ५९ नाही, ६१ नाही. एका नावाची चार. साधी एनर्जी कितीही, तिला चारचं बंधन नाही. निदान एक तरी बेसिक पोकेमॉन पाहिजे, नाहीतर खेळ सुरूच करता येणार नाही. एस स्पेक लिहिलेलं कार्ड अख्ख्या डेकमध्ये एकच. आणि नाव म्हणजे पूर्ण नाव. पिकाचू वेगळा, पिकाचू ईएक्स वेगळा, दोन्हींची चार चार चालतात. पण चित्र वेगळं आहे म्हणून त्याच नावाचं पाचवं कार्ड चालत नाही. इथं बरीच लेकरं फसतात, कारण चित्र बदललं की त्यांना कार्ड बदललं असं वाटतं.

दुसरं फसण्याचं ठिकाण म्हणजे ते बारीक अक्षर. कार्डाच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर छापलेलं असतं. स्टँडर्ड प्रकारच्या स्पर्धेत ठरावीक अक्षरांचीच कार्डं चालतात आणि वर्षातून एकदा जुनं अक्षर बाहेर जातं. ११ एप्रिल २०२५ ला एफ अक्षर गेलं. म्हणजे १० तारखेला चालणारं कार्ड ११ ला बाद. साध्या एनर्जीला हे लागू नाही, आणि जुनं कार्ड त्याच नावानं, त्याच मजकुरानं नव्या संचात परत छापलं असेल तर जुनी प्रतही चालते. दुकानदाराला यातलं काही माहीत नसतं, त्याच्याकडं दोन वर्षांपूर्वीचा तयार डेक पडून असतो. डब्यावर ६० कार्डं लिहिलेलं असतं, कार्डं अस्सल असतात, तुम्ही पैसे मोजता आणि त्यातली निम्मी अर्धी स्पर्धेत चालत नाहीत. घेण्याआधी अक्षर बघा. डबा बंद असेल तर त्या डेकचं नाव फोनवर शोधा, यादी मिळते.

आता सोनेरी कार्डं. जत्रेत, स्टेशनरीत दहा-वीस रुपयांत पाकीट मिळतं, आत चमचमणारी कार्डं. ती नकली आहेत. स्पर्धेत एकही चालत नाही. पाठीचा निळा रंग फिका किंवा जांभळट असतो, अक्षरं वेगळी असतात, ताकदीचे आकडे कुठल्या कुठं गेलेले असतात. अस्सल कार्ड कडेनं नीट बघितलं तर मधोमध काळी बारीक रेघ दिसते, तीही नकलीत बहुतेकदा नसते. घरी खेळा की त्यांच्याशी, कुणी अडवलंय. मीही आमच्या पुतण्याचा सोन्याचा चारिझार्ड हिसकावून घेतलेला नाही. फक्त बसचं तिकीट काढून त्या कार्डांसकट स्पर्धेला जाऊ नका.

डेक ठरला की यादी. ही यादी काय आहे ते ऊस घालणाऱ्या घरातल्या पोरांना लगेच कळेल. कारखान्यावर गाडी गेली की आधी काटा, वजनाची पावती, मग बाकीचं सगळं. नंतर कुणी म्हणालं माझा ऊस जास्त होता, तर पावती काढायची. डेकलिस्ट ही तशी पावती आहे. पहिला सामना सुरू व्हायच्या आधी तुम्ही लिहून देता: हे कार्ड, ह्या संचातलं, हा नंबर, एवढ्या प्रती. बेरीज ६०. त्यानंतर दिवसभर तुमच्या डेकमध्ये तेच आणि तेवढंच असलं पाहिजे. समोरच्याचा डेक बघून रात्रीत दोन कार्डं बदलली, असं चालत नाही.

यादी हातानं लिहिताना चुका होतात. पोकेमॉन टीसीजी लाइव्ह म्हणून ६० कार्डांचं ॲप आहे, त्यात डेक बनवला की यादी मजकूर म्हणून बाहेर काढता येते. ती उतरवून काढा आणि मग दुसऱ्या कुणाला तरी मोजायला लावा. स्वतः मोजू नका. आपलं आपण मोजलं की आपल्याला ६० च दिसतात. मॅजिकच्या मोठ्या स्पर्धांमध्ये यादी चुकली की एक गेम जातो, अजून एक पत्ता खेळला नाही तोवर. तुम्ही पहाटेची एसटी पकडून गेलात, आणि यादीत एक ओळ लिहायची राहिली म्हणून पहिला गेम गेला. याचं दुःख सामना हरण्यापेक्षा मोठं असतं.

मधेच जज येतो आणि दोघांचेही डेक घेऊन जातो. घाबरू नका, संशय आहे म्हणून नेलं असं नाही. तपासणी कुणाचीही होते. कार्डं मोजतात, यादीशी जुळवतात आणि स्लीव्ह बघतात. स्लीव्ह म्हणजे कार्डावरचं प्लास्टिकचं कव्हर. सगळी एकसारखी पाहिजेत. एखाद्याचा कोपरा दुमडलेला, एकावर भज्याचं तेल, एक जुन्या पाकिटातलं थोडं फिकं, असं झालं की पाठीमागून पत्ता ओळखता येतो. याला मार्क झालेली कार्डं म्हणतात. आपल्याकडच्या उन्हात चमकीची कार्डं वाकतात, धनुष्यासारखी होतात. डेकमध्ये चारच चमकीची असतील आणि ती चारच वाकली असतील, तर डेक कापताना हात बरोबर तिथंच जातो. तुमच्या मनात काही नसलं तरी. म्हणून स्पर्धेआधी नवीन स्लीव्ह घाला, दोन-चार जास्तीच्या सोबत ठेवा आणि डेक बसच्या खिडकीपाशी उन्हात ठेवू नका.

यावरून एक खरी घटना. युया वातानाबे नावाचा जपानी खेळाडू, मॅजिकमधला फार मोठा माणूस. २०१२ ची प्लेयर्स चॅम्पियनशिप जिंकलेला, २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला. एप्रिल २०१९ मध्ये लंडनला मोठी स्पर्धा होती. तिथं त्याचा डेक तपासला तेव्हा ठरावीक कार्डांच्या स्लीव्हवर खुणा दिसल्या. कुठल्याही कार्डांवर नाही, त्याचा डेक ज्यांच्यावर चालतो त्या उर्झाच्या जमिनींच्या कार्डांवर. आपण मुद्दाम काही केलं नाही असं त्याचं म्हणणं होतं. तरी तो स्पर्धेतून बाद झाला, पुढं ३० महिन्यांची बंदी आली आणि हॉल ऑफ फेममधून नाव काढलं. खुणा कुठंही विखुरलेल्या असत्या तर प्रकरण कदाचित ताकदीवर निभावलं असतं. खुणा बरोबर कामाच्या कार्डांवर होत्या, म्हणून ते इतकं वाढलं. मॅजिकच्या नियमातच हा फरक आहे: साध्या खराब स्लीव्हला ताकीद, पण खुणांची एक पद्धत दिसली आणि त्यातून मोठा फायदा होत असेल तर गेम जातो. मुद्दाम केलं असं जजला वाटलं तर सगळंच जातं.

तर आता शिक्षांकडं येऊ. मॅजिकची शिडी चार पायऱ्यांची आहे. ताकीद, गेम जाणं, मॅच जाणं आणि स्पर्धेतून बाद होणं. पोकेमॉनमध्ये ताकिदीच्या आधी नुसती समज देण्याचीही पायरी आहे आणि मधे बक्षीस पत्त्यांची शिक्षा आहे, म्हणजे समोरच्याला त्याचे बक्षीस पत्ते फुकट घेऊ देतात. शिवाय स्पर्धा कुठल्या दर्जाची यावरही ठरतं. दुकानात रविवारी होणाऱ्या छोट्या स्पर्धेत जज बहुतेक वेळा चूक समजावून सांगतो आणि पुढं खेळा म्हणतो. मोठ्या स्पर्धेत त्याच चुकीची नोंद होते. मॅजिकमध्ये खेळातली एकाच प्रकारची चूक एका स्पर्धेत तिसऱ्यांदा झाली की ताकीद संपते, गेम जातो.

एक गोष्ट मला स्वतःला वाचल्यावर नवी वाटली. मॅजिकच्या जजांसाठी जे पुस्तक आहे त्यात शिक्षेचा हेतू लिहिलाय: खेळाडूला शिकवणं, म्हणजे तीच चूक परत होऊ नये. आणि अजून एक. समोरच्यानं नियम मोडला आणि ते वेळेत तुमच्याही लक्षात आलं नाही, तर ताकीद तुम्हालाही मिळू शकते. टेबलावरचा खेळ नीट चालवणं ही दोघांची जबाबदारी धरतात. आपल्या शाळेत शेजारच्यानं कॉपी केली म्हणून आपल्याला शिक्षा झाली तर आपण रडून गाव गोळा करू, पण इथं विचार तसा नाही. ताकीद म्हणजे डाग नाही, नुसती नोंद आहे. चांगल्या चांगल्या खेळाडूंना दिवसाला एखादी मिळते.

आता त्या पोराची गोष्ट.

तिसरी फेरी होती. पहिल्या दोन त्यानं जिंकल्या होत्या, आणि नुसत्या नाही, मस्त जिंकल्या होत्या. एका कार्डामुळे त्याला दोन पत्ते ओढायचे होते. नवीन स्लीव्ह एकमेकांना चिकटतात. तीन आले. त्याच्या ते लगेच लक्षात आलं. हातात घेऊन पत्ते सरकवले तेव्हाच कळलं. आणि तो काही बोलला नाही. समोर कॉलेजातला एक मुलगा होता. त्यानं दोन पाळ्यांनंतर विचारलं, हातात किती कार्डं आहेत? हे विचारायचा हक्क असतो बरं का. यानं एक कमी सांगितलं. समोरच्यानं हात वर केला.

जज आला. शांत माणूस होता. त्यानं दोघांना थांबवलं, टाकलेली कार्डं मोजली, बक्षीस पत्ते मोजले, पाळ्या मोजल्या. मग याला टेबलापासून बाजूला नेलं आणि विचारलं, त्या वेळी किती ओढली? हा म्हणाला, दोन. जजनं परत विचारलं, हिंदीत, हळू. हा म्हणाला, दोनच. मग मुख्य जज आला. त्याच्यासमोर हा रडायला लागला आणि म्हणाला, तीन आली होती, मला माहीत होतं.

बाद.

तीन पत्ते ओढले म्हणून तो बाद झाला नाही. हे नीट ऐका, कारण गावातल्या चारही आवृत्त्यांत हेच चुकतंय. तीन पत्ते ओढणं ही रोजची चूक आहे. त्याच क्षणी हात वर केला असता तर जजनं जास्तीचं कार्ड परत डेकमध्ये घालायची काहीतरी व्यवस्था केली असती, एक ताकीद दिली असती, फार तर तिच्याहून एखादी पायरी वरची शिक्षा, आणि खेळ पुढं चालू राहिला असता. फसवणूक कशाला म्हणायचं ते मॅजिकच्या नियमांत अगदी उघड लिहिलंय. तुम्ही नियम मोडला, किंवा जजशी खोटं बोललात, किंवा आपल्या सामन्यात झालेली चूक दिसूनही गप्प बसलात. आणि वर दोन गोष्टी पाहिजेत: हे चूक आहे हे तुम्हाला माहीत होतं, आणि त्यातून तुम्हाला फायदा हवा होता. पोकेमॉनमध्येही जाणूनबुजून केलेली फसवणूक आणि जजशी खोटं बोलणं याला तीच शेवटची पायरी आहे. त्या पोरानं एक चूक केली आणि मग दहा मिनिटांत तिच्यावर तीन मजले बांधले.

जजचा निर्णय बरोबर होता. मी तिथंही हेच म्हणालो, आजही म्हणतो. इंग्रजीचा संबंध नव्हता, गावाचा नव्हता, कार्डं अस्सल होती. पण तो चोर आहे असं जे काही लोक म्हणतायत, ते मला पटत नाही. परतीच्या एसटीत मी त्याला विचारलं, का रे, सांगितलं का नाहीस? तो बराच वेळ खिडकीतून बघत बसला. मग म्हणाला, "हात वर केला असता तर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं असतं."

आपल्याकडं हात वर करणं म्हणजे काय असतं? वर्गात हात वर केला की मास्तर म्हणतात, एवढंही येत नाही का. जज म्हटलं की आपल्याला कोर्ट आठवतं, नाहीतर फौजदार. त्यामुळे आपली पोरं जजला तेव्हाच बोलावतात जेव्हा समोरच्याची तक्रार करायची असते. स्वतःच्या चुकीसाठी जजला बोलवायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच नाही. त्या हॉलमध्ये मी मुद्दाम बघत होतो. जुने खेळाडू दर थोड्या वेळानं हात वर करतात. "जज, हे कार्ड असं चालतं का?" "जज, माझ्याकडून एक जास्तीचं उघडलं." कुणी मान वर करून बघतही नाही. आणि जजचं उत्तर पटलं नाही तर मुख्य जजकडं दाद मागता येते. पहिल्या जजला राग येत नाही, तो स्वतःच बोलावून आणतो. मुख्य जज जे सांगेल ते मात्र शेवटचं.

घरी काय झालं त्यावर मी जास्त बोलणार नाही. वडिलांनी एकच विचारलं, "चोरी केलीस का?" त्याला उत्तर देता आलं नाही, कारण हो म्हणावं की नाही हेच त्याला कळेना. महिनाभर त्यानं कार्डांना हात लावला नाही. बंदी वगैरेचं विचाराल तर बाद झाल्याचा अहवाल वर जातो, पुढं काय करायचं ते वरचे लोक ठरवतात. याच्या बाबतीत काही आलेलं नाही, तो खेळू शकतो. मागच्या रविवारी आला होता. हा भाग करा असं त्यानंच सांगितलं.

आपल्या पोरांच्या अजून काही सवयी आहेत ज्या तिथं महागात पडतात, त्या पटापट सांगतो.

बघे. पारावर पत्त्यांचा डाव असला की चार खेळणारे आणि दहा सांगणारे. "अरे ते टाक ना, ते टाक!" स्पर्धेत मागं उभं राहून मित्राला असं सांगितलं तर मॅजिकच्या मोठ्या स्पर्धेत अख्खी मॅच जाते. नुसतं 'श्श' करून डोळे मोठे केले तरी ती मदतच धरतात. आपल्या मित्राच्या टेबलापाशी उभं राहायचं असेल तर तोंडाला कुलूप. नियम मोडलेला दिसला तर खेळणाऱ्याला नाही, जजला जाऊन सांगायचं.

सेटिंग. शेवटच्या फेरीत दोन मित्र समोरासमोर आले की लगेच, "तू सोड, बक्षीस अर्धं अर्धं." सामना सोडून देणं चालतं. बक्षीस वाटून घेणंही मॅजिकमध्ये चालतं. पण हे दे म्हणून सोडतो, असा सौदा नाही. आणि वेळ संपली म्हणून नाणं उडवून निकाल ठरवला तर तीही मोठी चूक आहे. आपल्याला वाटतं यात काय बिघडलं, दोघंही खूश आहेत. पण त्या निकालावर तिसऱ्या कुणाचा तरी नंबर ठरत असतो, आणि तो शेजारच्या टेबलावर घाम गाळत खेळत असतो.

पिसणं. एनर्जी एकदाच हातात गोळा होऊ नये म्हणून काही जण दोन पोकेमॉन, एक एनर्जी असे थर लावतात आणि वरवर दोनदा पिसतात. थर लावून मग नीट पिसलं तर थराचा उपयोग उरत नाही. नीट पिसलं नाही तर तुम्ही डेक लावलाय. दोन्हीकडून वेळ वाया. सात-आठ वेळा चांगलं पिसा, समोरच्यासमोर ठेवा, त्याला कापू द्या किंवा पिसू द्या. आणि त्याचा डेक तुम्हीही कापा. लाजून "राहू दे राहू दे" म्हणू नका, तो काही लग्नातला आहेर नाही.

फोन. सामना चालू असताना खिशात. आईचा फोन आला तरी आधी जजला सांगायचं. वेळही कमी असतो, पोकेमॉनमध्ये तीन गेमच्या मॅचला बहुतेक ५० मिनिटं. विचार करायला वेळ मिळतो, पण उगाच रेंगाळलात तर हळू खेळण्याची ताकीद आहेच.

भाषेचं बऱ्याच जणांनी विचारलंय. कार्डं इंग्रजीत, जज शहरातला, कसं व्हायचं? मी पाहिलं तेवढं सांगतो. दोन शब्द पुरतात: "जज, प्लीज." पुढं हिंदीत, मराठीत, खाणाखुणा करून सांगा. कार्डावर बोट ठेवा. तुम्हाला कळलं नाही तर कळलं नाही म्हणा, ते परत सांगतात. न कळता मान हलवू नका. तुम्ही हो म्हणालात असं ते धरतात आणि मग पुढचं सगळं त्या 'हो'वर चालतं.

शेवटचा मेसेज एका ताईंचा होता. त्यांचा मुलगा खेळतो, त्या स्वतः शिक्षिका आहेत. विचारतायत, जज व्हायला काय लागतं? पोकेमॉनमध्ये त्याला प्रोफेसर म्हणतात. वय १८ पूर्ण पाहिजे, ऑनलाइन परीक्षा असते, नियमांची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट आहेत. सगळं इंग्रजीत आहे, पण भाषा अवघड नाही. ताई, तुम्ही खरंच परीक्षा दिलीत तर मला कळवा. तोवर आम्ही रविवारी दुपारी सरावाला बसतो तेव्हा एक जण खेळत नाही, नुसता जज होतो. आळीपाळीनं. मागच्या रविवारी पाळी त्याच पोराची होती. दोन तासांत त्याला अकरा वेळा बोलावलं, त्यातले नऊ जण स्वतःचीच चूक सांगायला.

पुढचा भाग ड्रिपच्या अनुदानाचा, तो लांबलाय हे मला माहीत आहे. डेकच्या यादीचा रिकामा कागद हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो. भेटू.